शेततळ्यातील माशांचे आपसांतील वैर आणि त्यावरील उपाय

संगमनेर तालुक्यात तळेगाव दिघे, निमोण या बाजूच्या अवर्षणप्रवण गावांत आणि साकूर-घारगावच्या पठारावर शेततळे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. डाळिंबाच्या बागेला उन्हाळ्यात पाणी पुरावे म्हणून बहुतेक शेतकऱ्यांनी तळी घेतली. २०१६ साली राज्य शासनाने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू केल्यानंतर त्यांची संख्या आणखी वाढली. पाणी साठलेलेच आहे, तर त्यात मासे का सोडू नयेत, असा विचार मग साहजिकच पुढे आला, व तो योग्यही आहे. परंतु अनेकांचा पहिला अनुभव मात्र सारखाच असतो. पावसाळ्यात बोटुकली मोजून सोडावी, आठ-नऊ महिने खाद्य घालावे, आणि उन्हाळ्यात जाळे ओढले असता निम्मेदेखील मासे हाती लागू नयेत. अशा वेळी कोणी बीज देणाऱ्यावर संशय घेतो, कोणी शेजाऱ्यावर. चोरी होत नाही असे नाही. पण पुष्कळदा चोर तळ्यातच असतो.

मासे गरीब असतात, ही समजूत मुळातच चुकीची आहे. गाईगुरांत जशी मारकी जनावरे असतात, कोंबड्यांत जशी चोची मारण्याची उतरंड असते, तसेच पाण्याखालीही चालते. फरक इतकाच, की ते आपल्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून नुकसान कशाने झाले हे प्रथम ओळखता आले पाहिजे.

मासे मरून पाण्यावर तरंगत असतील व पहाटे उरलेले मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेत असतील, तर ते प्राणवायूच्या कमतरतेचे लक्षण होय; त्याचा भांडणाशी संबंध नाही. काठावर बगळे, पाणकावळे आणि खंड्या यांचा राबता असेल, तर त्यांचाही वाटा धरावा लागतो. पण एकही मासा मेलेला दिसत नाही, पाणी स्वच्छ आहे आणि तरीही संख्या घटत जाते, तेव्हा एक मासा दुसऱ्याला गिळीत आहे असे समजावे. कारण गिळलेला मासा मागे प्रेत ठेवीत नाही. याउलट माशांचे पर फाटलेले, खवले निघालेले, अंगावर पांढुरक्या जखमा, आणि काही मासे कोपऱ्यात अंग चोरून उभे, असे दिसले तर ती हद्दीची मारामारी असते. तिसरा प्रकार सर्वांत मुका. कोणी मरत नाही, कोणी जखमी होत नाही. पण जाळ्यात एक मासा किलोचा आणि त्याच दिवशी सोडलेला दुसरा वीतभरच निघतो. ही ताटातली ओढाताण होय. या तिन्हींवर उपाय निरनिराळे आहेत, व एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर खर्च वाया जातो.

गिळणारे मासे

प्रवरा, म्हाळुंगी, आढळा आणि मुळा या नद्यांत मरळ, शिवडा, वाम, शिंगाळा हे मांसाहारी मासे पूर्वीपासून आहेत. ते कोणी शेततळ्यात सोडत नाही; ते आपणहून येतात. नदीवरच्या किंवा कालव्यावरच्या पंपाने तळे भरताना त्यांची अंडी व सुईसारखी पिले नळीतून आत शिरतात. निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २०२३ साली झाले आणि पूर्वी ज्या तळ्यांना केवळ विहिरीचे किंवा पावसाचे पाणी मिळत असे, त्यांपैकी काहींना आता नदीचे पाणी मिळण्याची सोय झाली. हे उत्तमच आहे. पण विहिरीच्या पाण्याबरोबर मरळ येत नव्हता, कालव्याच्या पाण्याबरोबर तो येऊ शकतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

मरळ हा तर विशेष चिवट. त्याला हवेतून श्वास घेता येतो, त्यामुळे पावसाच्या दिवसांत ओल्या गवतावरून सरपटत तो एका डबक्यातून दुसऱ्यात जातो. तोंड मोठे, दात तीक्ष्ण, आणि दबा धरून बसण्याची सवय. त्याच्या जबड्यात जे मावेल ते तो गिळतो. दोन-चार मरळ मासे एखाद्या तळ्यातील बोटुकलीचा एका हंगामात कसा फडशा पाडतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगणे नको.

यावर पहिला उपाय अगदी साधा व स्वस्त आहे. तळ्यात पाणी सोडणाऱ्या नळीच्या तोंडाला डासांच्या जाळीची दुपदरी लांब पिशवी घट्ट बांधावी. पंपाच्या फूटवाल्व्हला जाळी असतेच, पण तिच्या छिद्रांतून अंडी व पिले सहज जातात. तेवढ्यावर विसंबू नये. पिशवी लांब ठेवली म्हणजे पाण्याच्या जोराने फाटत नाही. ती प्रत्येक वेळी काढून, उलटी करून, तळ्यापासून दूर झटकावी. काठावरच झटकली तर केलेले सारे व्यर्थ.

दुसरा उपाय बीज सोडण्यापूर्वीचा. अस्तरीकरण केलेले तळे असेल तर उन्हाळ्यात बागेला पाणी देऊन ते एकदा पूर्ण रिकामे करावे आणि तळाशी राहिलेल्या ओंजळभर पाण्यातही काही उरले नाही याची खात्री करावी. मातीचे तळे पूर्ण आटत नसेल तर मोहाची पेंड वापरतात. एक मीटर खोल पाण्याला दर हेक्टरी सुमारे २,५०० किलो हे तिचे प्रमाण आहे. म्हणजे ३० मीटर लांब व तितक्याच रुंद तळ्यात एक मीटर पाणी राहिले असेल तर सुमारे २२५ किलो पेंड लागेल. पेंड भिजवून सर्वत्र सारखी पसरावी. मासे काही तासांत वर येऊ लागतात. ते खाण्यास चालतात. पेंडीचे विष पाण्यात सुमारे तीन आठवडे राहते, म्हणून तोवर नवे बीज सोडू नये आणि जनावरांनाही ते पाणी पाजू नये. पुढे तीच पेंड कुजून तळ्याला खत होते. पाणी आधी जितके कमी करता येईल तितकी पेंड कमी लागते, हा हिशेब शेतकऱ्यास निराळा सांगावा लागणार नाही.

तिसरी गोष्ट बोटुकलीच्या आकाराची. जिऱ्याएवढे बीज स्वस्त मिळते म्हणून ते थेट मोठ्या तळ्यात टाकण्याचा मोह होतो. हा मोह आवरावा. आठ ते दहा सेंटिमीटर लांबीची, म्हणजे मोठ्या माणसाच्या बोटाएवढी बोटुकली सोडली तर लहानसहान भक्षकांच्या तोंडात ती मावत नाही. स्वस्त बीज घ्यावयाचेच असेल तर ते तळ्यातच बांधलेल्या बारीक जाळीच्या हाप्यात वाढवून मग मोकळे करावे.

पावसाळ्यात तळ्याच्या कडेला तांबूस पिलांचा पुंजका एकाच वेळी वर येऊन हवा घेताना दिसला, तर ती मरळीची पिले होत. नर-मादी जवळच पहाऱ्यावर असतात आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या पायावरही धाव घेतात. ही वेळ दवडू नये. हातजाळ्याने सगळा पुंजका एकदम उचलावा व पहारेकऱ्यांना गळाने धरावे. एरवी दिवसभर शोधून न सापडणारा मरळ या दिवसांत आपली जागा सोडीत नाही.

पूर्वी हे संकट बीजातूनच येत असे. बंगाल-बिहारकडील नद्यांत पुराच्या वेळी जाळी लावून बीज गोळा करीत, त्यात कटला-रोहूबरोबर भक्षक माशांची पिलेही मिसळलेली असत, आणि ती ओळखण्यास जाणता डोळा लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन भारतीय कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले आणि तेव्हापासून शुद्ध बीज मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. तो दिवस आता देशात मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. असे असले तरी बीज आणल्यावर पांढऱ्या थाळीत थोडे घेऊन ते पाहण्याची सवय सोडू नये. लांबट, मिशा असलेले, किंवा चपट्या डोक्याचे पिलू दिसले की ते वेगळे काढावे.

आफ्रिकन मागूर या माशाबाबत स्वतंत्र सूचना आवश्यक आहे. तो झपाट्याने वाढतो म्हणून चोरून त्याचे बीज विकले जाते. भारत सरकारने २००० साली त्याच्या संवर्धनावर बंदी घातली आहे. तो तळ्यातले इतर मासे तर खातोच, पण पुरात तळे फुटून नदीत गेला तर तेथील देशी माशांचाही नाश करतो. कोणी ‘लवकर वाढणारा मागूर’ म्हणून बीज देऊ लागल्यास गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास वेळीच सावध करावे.

हद्दीचे भांडण

आता दुसरा प्रकार. येथे मासा भुकेने दुसऱ्यावर तुटून पडत नाही; आपल्या जागेसाठी पडतो. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रवाळांतील रंगीत माशांची निरीक्षणे दिली आहेत. त्यांचे सार असे, की हे मासे परक्या जातीच्या माशाला बहुधा सोडून देतात, पण आपल्याच जातीचा दुसरा दिसला की त्याला जीव घेईपर्यंत हाकलतात. कारण उघड आहे. आपल्याच जातीच्या माशाला तेच अन्न, तीच कपार आणि तीच जोडीदारीण हवी असते. बांधाचा तंटा परगावच्या माणसाशी होत नाही, भाऊबंदांशीच होतो, तसाच हा प्रकार.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते घरातील खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत. समुद्रापासून दूर असलेल्या गावांतही आता तयार समुद्री मीठ गोड्या पाण्यात मिसळून, एका लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात, असे मासे हौसेने पाळता येतात. खुल्या समुद्रात हरलेला मासा पळून जातो आणि भांडण मिटते. चार काचांच्या आत त्याला पळण्यास जागाच नसते, म्हणून तेथे साधी हाकलाहाकलीही प्राणघातक ठरते. अशी पेटी ठेवणाऱ्यांनी अनुभवाने काही नियम बसविले आहेत. शांत स्वभावाचे मासे आधी व भांडखोर मासे शेवटी सोडावेत, कारण आधी आलेला मासा सारी पेटी आपली समजतो. एकाच जातीचे, किंवा आकार-रंगाने एकमेकांसारखे दिसणारे दोन नर एकत्र ठेवू नयेत. नवा मासा प्रथम छिद्रे असलेल्या पारदर्शक डब्यात काही दिवस त्याच पेटीत टांगून ठेवावा. जुन्यांना तो दिसतो पण चावता येत नाही, आणि हळूहळू त्यांचा त्वेष ओसरतो. सोडण्याच्या दिवशी आतील दगडांची मांडणी बदलावी, म्हणजे जुन्यांच्या हद्दी मोडतात व सर्वांनाच नव्याने जागा शोधावी लागते. दिवा मालवल्यावर सोडणे अधिक बरे. विदूषक मासा या नावाने विकल्या जाणाऱ्या नारिंगी-पांढऱ्या माशांत तर घरातील उतरंड इतकी पक्की असते, की सर्वांत मोठा मासा मादी, दुसरा नर आणि बाकीचे अप्रौढ राहतात. मादी मेली तर नरच मादी बनतो. म्हणून त्यांची लहान वयाची, एक थोडा मोठा व एक थोडा लहान अशी जोडी घेतली तर ती आपसांत निभावते; दोन मोठ्या माद्या मात्र एका पेटीत नांदत नाहीत.

हौसेच्या पेटीतला हा अनुभव शेततळ्यालाही लागू पडतो. बीज हप्त्याहप्त्याने सोडण्यापेक्षा एकाच आकाराचे, एकाच वेळी सोडावे. मागाहून भर घालावीच लागली तर ती आधीच्यांच्या जवळपास आकाराची असावी.

शेततळ्यात हद्दीसाठी भांडणारा मुख्य मासा म्हणजे तिलापिया. त्याची मोझांबिक जात १९५२ साली भारतात आली आणि आज ती अनेक जलाशयांत पसरली आहे. या जातीचा नर मातीच्या तळाशी बशीसारखा खड्डा करतो, त्याच्याभोवती दुसऱ्या नरास फिरकू देत नाही, आणि मादी फलित अंडी तोंडात घेऊन उबवते. दोन-तीन महिन्यांतच ही पिढी वयात येते. परिणाम असा, की सहा महिन्यांत तळे पिलांनी भरते, अन्न सर्वांना पुरत नाही, आणि हाताच्या पंजाएवढेही मासे मिळत नाहीत. म्हणून ज्या तळ्यात कटला-रोहू वाढवावयाचे आहेत त्यात रानटी तिलापिया येऊ देऊ नये. सुधारित ‘गिफ्ट’ जातीचे केवळ नर असलेले बीज परवानाधारक केंद्रातून घेऊन स्वतंत्र तळ्यात वाढविणे ही निराळी गोष्ट आहे. त्यास मत्स्यव्यवसाय खात्याची परवानगी लागते.

येथे एक गोष्ट प्रथमदर्शनी उलटी वाटेल. हद्दीसाठी भांडणारे मासे विरळ ठेवले तर जास्त भांडतात. प्रत्येकाला राखता येईल एवढी हद्द मिळते आणि ती राखण्यातच त्याचा दिवस जातो. संख्या वाढली की राखण करणे अशक्य होते, भांडण निवते आणि मासे थव्याने फिरू लागतात. पिंजऱ्यातील तिलापिया याच कारणाने दाट ठेवतात. जपानमध्ये आयु नावाचा नदीतला मासा आपल्या दगडावरचे शेवाळ दुसऱ्याला खाऊ देत नाही. तेथील कोळी दोरीला जिवंत आयु बांधून पाण्यात सोडतात, हद्दीचा मालक त्याच्यावर धावतो आणि गळात अडकतो. पण हा दाटीचा नियम मांसाहारी माशांना लावू नये, आणि दाटी वाढली की प्राणवायूची गरजही वाढते हे विसरू नये. पाणी हलविण्याची सोय नसलेल्या तळ्यात दाटीचा प्रयोग धोक्याचा आहे.

ताटातली ओढाताण

कटला, रोहू, मृगळ हे मासे चावरे नाहीत. तरी बळकट मासा खाद्याच्या जागी पुढे घुसतो व अशक्त मागे राहतो. रोज मागे राहणारा रोज थोडा अधिक लहान होतो. यावर आपल्याकडील मिश्र संवर्धनाची पद्धत हाच मूळ उपाय होय. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो, त्यामुळे तिघांचे ताट वेगळे राहते. चंदेरा मासाही वरच्याच थरात चरतो. तो फार घातला तर कटल्याची वाढ मागे पडते. ३० गुणिले ३० मीटरच्या, म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांच्या तळ्यात हेक्टरी ५,००० या दराने ४५० बोटुकली पुरे. चार-तीन-तीन या प्रमाणाने त्यात कटला १८०, रोहू १३५ व मृगळ १३५ येतील. प्लॅस्टिकच्या अस्तराच्या तळ्याला मात्र चिखलाचा तळ नसतो आणि मृगळाचे निम्मे अन्न त्या चिखलातच असते. तेथे मृगळ कमी करून रोहू वाढविणे शहाणपणाचे.

शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समभाग भिजवून, माशांच्या एकूण वजनाच्या दोन ते तीन टक्के खाद्य रोज ठरलेल्या वेळी द्यावे. ते एकाच कोपऱ्यात ओतू नये. छिद्रे पाडलेल्या पिशव्यांत भरून चार-पाच ठिकाणी बांबूला टांगावे, म्हणजे दांडग्यांना सगळीकडे एकाच वेळी राज्य करता येत नाही. महिन्यातून एकदा जाळे टाकून वीस-पंचवीस मासे मोजावेत. एकाच जातीत सर्वांत मोठा सर्वांत लहानाच्या दुपटीवर गेला असेल तर खाद्याच्या जागा वाढवाव्यात.

मुद्दाम मरळ पाळणाऱ्यांसाठी

बाजारात मरळीला चांगला भाव मिळतो, म्हणून काही तरुण शेतकरी वेगळ्या टाकीत त्याचेच संवर्धन करू पाहतात. त्यांनी हे पक्के धरावे, की येथे नुकसान रोगापेक्षा भावंडांनी भावंडांना खाण्याने होते. पिले एकाच वेळच्या विणीची घ्यावीत. पहिल्या दोन महिन्यांत दर आठवड्याला ती आकारानुसार निवडून मोठी एकीकडे व लहान दुसरीकडे करावीत. हे काम पहाटे, थंड पाण्यात करावे. खाद्य दिवसातून तीन-चार वेळा द्यावे, कारण दोन खाद्यांमधील उपाशी वेळ हीच एकमेकांना गिळण्याची वेळ असते. ज्याच्याकडे निवड करण्यास माणूस नाही आणि निदान तीन टाक्या नाहीत, त्याने या धंद्यात पडू नये.

गोड्या पाण्यातील कोळंबीची गोष्टही थोडी अशीच. निळ्या नांग्यांचे मोठे नर लहानांना दाबून टाकतात, आणि कात टाकलेली मऊ कोळंबी इतरांचे भक्ष्य होते. तळाशी कौले, नळ्यांचे तुकडे किंवा झाडाच्या फांद्या टाकून लपण्यास जागा करावी आणि निळ्या नांग्यांचे नर अधूनमधून काढून विकावेत. अस्तराच्या तळ्यात फांद्यांची टोके बोथट करून मगच टाकावीत, नाहीतर कोळंबी वाचते पण प्लॅस्टिक फाटते.

एप्रिल-मे महिन्यांत बागेला पाणी देता देता तळे खाली जाते, तसे तेच मासे निम्म्या जागेत येतात. ज्यांची वाढ पुरेशी झाली आहे ते याच वेळी काढून विकावेत. लहान राहिलेल्यांसाठी निदान दीड मीटर पाणी राखता येत असेल तरच ते ठेवावेत; येत नसेल तर सारे काढून घ्यावेत, तळे कोरडे करावे आणि अस्तराच्या घड्यांत मरळ लपून राहिला नाही ना, हे काठीने चाळवून पाहावे.